पंचवीस किलोमीटरला एक सायकल

माझी थोरली बहीण, आक्का, सातवीनंतर शाळेत गेली नाही. माण तालुक्यातली आमची वस्ती गावापासून आत माळावर, आणि हायस्कूल सात किलोमीटरवर. एसटी फाट्यावरून सकाळी एक आणि संध्याकाळी एक. एकटी पोरगी एवढं चालत कशी धाडायची, म्हणून वडिलांनी तिला घरी ठेवलं. तीन वर्षांनी माझी सातवी झाली, तेव्हा मामांनी त्यांची जुनी दांडीची सायकल आमच्या दारात आणून लावली. मी शिकले, पुण्यात नोकरीला लागले. आक्का गणितात माझ्यापेक्षा हुशार होती, हे घरातल्या सगळ्यांना माहीत होतं.

आमच्या भागातल्या एका हायस्कूलच्या मुख्याध्यापकांनी यंदा आठवी ते दहावीच्या ५८ मुलींची यादी दिली. प्रत्येक नावापुढे वस्तीचं नाव आणि शाळेपर्यंतचं अंतर: पाच, साडेसहा, आठ. ती यादी घेऊन आम्ही पाच जण पुणे ते कन्याकुमारी सायकलनं जायला निघालो. एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त झालेले ६३ वर्षांचे काका, दातांच्या एक डॉक्टर, इंजिनिअरिंगच्या दोन मुली आणि मी. मागे सामानाचा टेम्पो आणि तो चालवणारे दादा. आमच्या ओळखीच्या लोकांनी मिळून दर किलोमीटरला दोनशे रुपये द्यायचं कबूल केलं होतं. पाच हजारांत मजबूत साधी सायकल येते. म्हणजे पंचवीस किलोमीटर झाले की एक सायकल. अकरा दिवस आम्ही अंतर याच मापानं मोजलं.

दिवस पहिला, ३ जानेवारी. पुणे ते कराड, १६० किमी

पहाटे साडेचारला भिडेवाड्याच्या जागेपाशी जमलो. सावित्रीबाई आणि जोतीराव फुल्यांनी १८४८मध्ये मुलींची शाळा काढली ती इथे. जुना वाडा आता पाडला आहे, तिथे स्मारक व्हायचं आहे. अंधारात आम्ही रस्त्यावरूनच नमस्कार केला. सावित्रीबाईंच्या जयंतीचा दिवस निघण्यासाठी मुद्दाम धरला होता.

जुना कात्रज घाट थंडीत चढलो. बोटं इतकी बधिर झाली होती की गिअर बदलल्याचं कळत नव्हतं. शिरवळला नीरा ओलांडून सातारा जिल्ह्यात शिरलो तेव्हा ऊन पाठीवर आलं. शिरवळ सोडल्यावर नायगावकडे वळणाऱ्या गाड्यांची रीघ लागली होती. सावित्रीबाईंचं ते जन्मगाव. झेंडे लावलेल्या जीप, शाळांच्या बस, नऊवारी नेसून कपाळावर आडवं कुंकू लावलेल्या लहान मुली. एका बसच्या खिडकीतून पाच-सहा हात बाहेर आले आणि आमच्याकडे बघून हलत राहिले. आम्ही आत वळलो नाही, पुढचा पल्ला मोठा होता. नंतर सबंध प्रवासभर ते मनाला लागून राहिलं. वळायला हवं होतं.

आम्ही गेलो तेव्हा खंबाटकीचा बोगदा साताऱ्याहून पुण्याकडे येणाऱ्यांसाठी होता. जाणाऱ्यांना घाट चढावाच लागायचा. ट्रक इतके हळू चढत होते की एका ट्रकचा क्लीनर खाली उतरून आमच्याबरोबर चालू लागला. कुठं चाललात, कशासाठी, सगळं विचारलं. माथ्यावर पोचल्यावर त्यानं खिशातून पन्नासची नोट काढून काकांच्या हातात दिली आणि पळत जाऊन ट्रकमध्ये चढला. वाटेत मिळालेली ही पहिली देणगी. ती नोट वेगळ्या पाकिटात ठेवली.

संध्याकाळी कराडच्या प्रीतिसंगमावर कृष्णा-कोयनेच्या पाण्यात पाय सोडून बसलो. कराड तालुक्यातल्याच काले गावी १९१९मध्ये कर्मवीर भाऊराव पाटलांनी रयत शिक्षण संस्था सुरू केली. माझं हायस्कूल रयतचंच होतं. ज्यांच्या घरात पाटी नव्हती त्यांच्यासाठी ते शाळा काढत गावोगाव हिंडले, आणि तरीही आमच्या वस्तीपासून शाळेपर्यंत सात किलोमीटर उरलेच. ते सात किलोमीटर कुणीतरी भरून काढायला हवे होते.

रात्री आक्काचा फोन. "किती झाल्या गं आज?" मी म्हटलं, "सहा." ती म्हणाली, "बरं. झोप आता."

दिवस दुसरा. कराड ते संकेश्वर, १३० किमी

महामार्ग रुंद करण्याचं काम चालू होतं, त्यामुळे कोल्हापूरपर्यंत धूळ आणि वळवलेले रस्ते. त्यात उसाचा हंगाम. दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला. किणीच्या पुढे एका फडाजवळ थांबलो. ऊसतोडीला आलेली कुटुंबं बीडकडची होती. पाचटाच्या खोपीपुढं बारा-तेरा वर्षांची मुलगी तान्ह्या भावाला घेऊन बसली होती. कितवीत आहेस विचारलं तर म्हणाली, "सातवीत होते." दिवाळीनंतर कोयता निघाला की शाळा सुटते, ती पाडव्यानंतर परत धरायची. तोवर वर्गातली मुलं पुढे गेलेली असतात. तिला सायकल देऊन काहीच होणार नाही, हे तिथं उभं राहिल्यावर कळलं. तिचं अंतर किलोमीटरचं नाही. मी डॉक्टरांना तसं म्हटलं. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे वीस किलोमीटर आम्ही दोघी गप्प होतो.

निपाणीच्या पुढे तवंदी घाट. दुपारची वेळ, काकांचा श्वास ऐकू येत होता, पण ते सायकलवरून उतरले नाहीत.

दिवस तिसरा. संकेश्वर ते धारवाड, १३५ किमी

बेळगावात एका कुटुंबानं नाश्त्याला बोलावलं होतं. उपमा, वर कुंदा, आणि निघताना प्रत्येकीच्या खिशात कोंबलेले शेंगदाण्याचे लाडू. घरातल्या आजींनी आमच्या यादीतली सगळी नावं मोठ्यानं वाचायला लावली. "नाव घेतलं म्हणजे पोरगी डोळ्यांपुढं येते," असं त्या म्हणाल्या. त्यानंतर आम्ही रोज सकाळी निघण्याआधी त्या दिवशीच्या पाच-सहा मुलींची नावं वाचायला लागलो. हे त्या आजींमुळे.

कित्तूर रस्त्याला लागूनच आहे. राणी चन्नम्मा इंग्रजांशी लढली ते १८२४ साल. वाड्याचे अवशेष लाल दगड-मातीचे, दुपारच्या उन्हात तापलेले. अर्धा तास भिंतीच्या सावलीत पाठ टेकली. धारवाडला पोचलो तेव्हा डॉक्टरांच्या मांडीला सीट घासून कातडं सोलवटलं होतं. त्यांनी मलम लावलं, उद्याची चड्डी दुहेरी अस्तराची काढून ठेवली आणि झोपल्या.

दिवस चौथा. धारवाड ते राणेबेन्नूर, १३० किमी

दिवसभर समोरून वारा. जानेवारीत या पठारावर पूर्वेकडून वारा येतो, आणि आमचा रस्ता आग्नेयेला. सपाट रस्त्यावरही ताशी १४च्या पुढे वेग जाईना. एकामागे एक लागून, दर दोन किलोमीटरला पुढचा बदलत गेलो. हावेरीजवळ ब्याडगीच्या मिरचीचे ट्रक ओलांडून जायचे तेव्हा हवेला तिखट वास यायचा आणि डोळ्यांतून पाणी. याहून जास्त त्या दिवसाचं काही आठवत नाही.

दिवस पाचवा. राणेबेन्नूर ते चित्रदुर्ग, ११० किमी

हरिहरला तुंगभद्रा ओलांडली आणि दावणगेरेत लोणी डोसा खाल्ला. खरं सांगायचं तर दोन-दोन खाल्ले.

त्या सकाळी सर्व्हिस रोडवर शाळेच्या मुली सायकलवरून येताना दिसल्या. सायकली एकसारख्या, बऱ्याच वापरलेल्या. कर्नाटकात २००६-०७ पासून सरकारी शाळांतल्या आठवीच्या मुलामुलींना सरकार सायकली देऊ लागलं. या सायकली जुन्या बॅचच्या, बहिणीकडून बहिणीकडे आलेल्या असाव्यात. एकीच्या मागच्या कॅरियरवर धाकटी बहीण बसली होती, दोघींची दप्तरं तिच्या मांडीवर. आमच्या इंजिनिअरिंगच्या मुली त्यांच्याबरोबर शाळेच्या फाटकापर्यंत गेल्या. भाषा येत नव्हती, घंटी वाजवून गप्पा चालल्या होत्या. आमची सायकल नऊ-दहा किलोची, तिला कॅरियरही नाही आणि मडगार्डही नाही. त्या मुलींनी ती हातानं उचलून बघितली. शाळेला जायला ती कुचकामी आहे, हे त्यांना लगेच कळलं असणार.

काकांनी तिथेच खाली बसून एका मुलीची सैल चेन काढून घट्ट करून दिली. मग दुसरी आली, तिसरी आली. शाळेची घंटा होईपर्यंत काकांनी सात सायकली नीट केल्या. हात काळे, कपाळावर ग्रीस. ते म्हणाले, "सायकल देऊन भागत नाही. वर्षभरानं ती चालू ठेवणारा माणूस गावात लागतो." आम्ही तेव्हाच ठरवलं, वाटपाच्या दिवशी काका तिथे थांबून आठ-दहा मुलींना पंक्चर काढायला, ब्रेक आवळायला शिकवतील. पान्ह्यांचा एक संच शाळेत राहील.

दुपारी चित्रदुर्गचा किल्ला. खडकांच्या मधली ती अरुंद फट पाहिली, जिथून हैदरअलीचे सैनिक एकेक करून आत येत होते आणि पहारेकऱ्याची बायको ओबव्वा हातातल्या मुसळानं त्यांना मारत होती. फटीतून एकच माणूस, तोही वाकून, आत येऊ शकतो. आमच्यातली धाकटी मुलगी त्यातून आरपार जाऊन आली आणि कितीतरी वेळ त्या खडकाला हात लावून उभी राहिली.

दिवस सहावा. चित्रदुर्ग ते क्यातसंद्र, १३५ किमी

पंक्चरचा दिवस. ट्रकचे फुटलेले टायर रस्त्याच्या कडेला पडतात, त्यातल्या बारीक पोलादी तारा केसासारख्या असतात. त्या टायरमध्ये घुसल्या की दिसत नाहीत. ट्यूब बदलली तरी दहा किलोमीटरनं पुन्हा हवा गेलेली. हिरियूर ते सिरा या टप्प्यात पाच पंक्चर झाले. काका टायर आतून बोटानं चाचपत आणि चिमट्यानं तार ओढून काढत. त्यांच्या बोटाचं रक्त दोनदा पुसावं लागलं.

मुक्काम तुमकूरच्या पुढे क्यातसंद्रला, सिद्धगंगा मठाजवळ. हजारो मुलं या मठात राहून शिकतात. जेवण, राहणं, शिक्षण, सगळं मोफत. शिवकुमार स्वामीजी २०१९मध्ये १११व्या वर्षी गेले, त्यांच्या हयातीत हे सगळं एवढं वाढलं. संध्याकाळी मुलं मोकळ्या पटांगणात रांगेनं बसली आणि प्रार्थना सुरू झाली. एवढ्या कोवळ्या आवाजांचा एकत्र सूर मी कधी ऐकला नव्हता. नंतर आम्हीही पंगतीत बसलो: भात, सांबार, ताक. एका वाढप्या मुलानं माझ्या ताटात तिसऱ्यांदा भात वाढला, मी नको म्हटल्यावर त्यानं माझ्या पायांकडे बोट दाखवलं. मडगार्ड नसल्यानं चिखलानं भरलेले पाय. त्याच्या लेखी मी दिवसभर चालत आलेली बाई होते.

दिवस सातवा. क्यातसंद्र ते होसूर, १०५ किमी

बंगळूर उजाडायच्या आत पार करायचं म्हणून रात्री दोनला निघालो. ते साधलं. होसूरला, तमिळनाडूच्या पहिल्या गावात, दहा वाजता पोचलो आणि दिवसभर झोप काढली. छत्तीस सायकली झाल्या होत्या.

दिवस आठवा. होसूर ते सेलम, १५२ किमी

कृष्णगिरीपर्यंत उतार. तिथून आमचा जुना सोबती, ४८ क्रमांकाचा महामार्ग, चेन्नईकडे वळतो आणि ४४ क्रमांकाचा सरळ दक्षिणेला. श्रीनगरहून निघालेला हाच रस्ता कन्याकुमारीला संपतो. शेवटपर्यंत आता हाच.

धर्मपुरीच्या पुढे तोप्पूर घाट. इथे जड ट्रकचे ब्रेक निकामी होऊन अपघात होतात, असं वाटेत प्रत्येक चहावाल्यानं सांगितलं. माथ्यावर उभं राहून बघितलं तर उतार लांब आणि ट्रक एकमेकांना खेटून. काका म्हणाले, "माझी तीस वर्षं ब्रेक दुरुस्त करण्यात गेली. मी मुलींना इथून सोडणार नाही." सायकली टेम्पोत चढवल्या. आठ किलोमीटर.

त्या आठ किलोमीटरवरून रात्री बराच वेळ बोलणं झालं. धाकट्या मुलीचं म्हणणं, देणाऱ्यांना काय कळतंय. मोठी म्हणाली, आपल्याला कळतंय ना. मी हिशेबाच्या वहीत १६०च्या जागी १५२ लिहिलं. पैशात सोळाशे रुपये, म्हणजे एका सायकलीचा तिसरा हिस्सा. ते कुठेतरी भरून काढायचे, असं ठरलं.

दिवस नववा. सेलम ते दिंडिगल, १६५ किमी

सेलमच्या बाहेर शेतांत टॅपिओकाची झुडपं आणि कारखान्यांच्या अंगणात उन्हात पसरलेले पांढरे दाणे. आमच्या एकादशीचा साबुदाणा इथून येतो. आईनं आयुष्यभर भिजवलेला साबुदाणा कुठल्या कंदापासून आणि कुणाच्या हातानं होतो, ते पहिल्यांदा पाहिलं. पत्र्याच्या फावड्यानं दाणे उलथणाऱ्या बाईनं मूठभर माझ्या हातावर ठेवले. ते पुडीत बांधून आक्कासाठी घेतले.

वेलूरला कावेरी. पात्र रुंद, पाणी संथ. पूल संपला की केळीच्या बागा.

करूरच्या पुढे एका खानावळीत जेवलो. खानावळ चालवणारी बाई पन्नाशी ओलांडलेली. आमच्या सायकली बघून ती स्वयंपाकघरातून बाहेर आली, हात पदराला पुसले आणि माझ्या सायकलीचं हॅंडल धरून उभी राहिली. तिचा मुलगा हिंदी बोलत होता, त्याच्याकडून कळलं की तिचं माहेर पुदुक्कोट्टै जिल्ह्यातलं. मी उडालेच. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला त्या जिल्ह्यात साक्षरता मोहिमेबरोबर बायकांना सायकल शिकवण्याची लाट आली होती. जिल्हाधिकारी स्वतः बाई होत्या. लाखभर बायका सायकल चालवायला शिकल्या. दगडखाणीत काम करणाऱ्या, शेतमजूर, अंगणवाडीच्या. दुकानांत बायकांच्या सायकली मिळेनात तेव्हा त्यांनी पुरुषांच्या दांडीच्या सायकली घेतल्या. मी हे वाचलेलं होतं. आणि त्यातली एक माझ्यासमोर उभी होती.

ती म्हणाली, सुरुवातीला लोक रस्त्यात उभे राहून वाईटसाईट बोलायचे. मग इतक्या बायका चालवायला लागल्या की बोलणारेच थकले. तिची आई पाण्याच्या घागरी सायकलला बांधून आणायची. पूर्वी पाण्यात अर्धा दिवस जायचा. सायकल आल्यावर तिला पहिल्यांदा दुपार मिळाली, आणि त्या दुपारी ती अक्षरं शिकली. "दुपार मिळाली" हे मुलानं हिंदीत सांगितलं, पण सांगताना आईकडे बघत होता.

मी सीट खाली करून तिला सायकल दिली. साडीचा काचा मारून ती अंगणात दोन फेऱ्या मारून आली. जेवणाचे पैसे घेतले नाहीत. मी आग्रह केल्यावर म्हणाली, यादीतल्या एका मुलीचं नाव सांग, ते पैसे तिचे. मी नाव सांगितलं. तिला ते नीट उच्चारता येईना, तीनदा म्हणून बघितलं.

रात्री आक्काला हे सगळं सांगितलं. ती बराच वेळ गप्प राहिली. मग विचारलं, "दांडीच्या सायकलीवर साडी नेसून बसत्यात?" मी म्हटलं, बसल्या. "बरं," एवढंच म्हणाली.

दिवस दहावा. दिंडिगल ते कोविलपट्टी, १६० किमी

पहाटे रस्त्याच्या कडेनं पळणीच्या मुरुगनला पायी जाणारे लोक भेटले. अनवाणी, डोक्यावर गाठोडी, मुखानं गजर. अगदी आमच्या वारीसारखं. पोंगल जवळ आल्यानं मदुरैबाहेर उसाच्या मोळ्या उभ्या करून विकत होते.

विरुदुनगरला कामराज यांचं घर पाहिलं. लहानसं, गल्लीतलं. १९०३चा जन्म. वडील गेल्यामुळे शाळा अर्ध्यावर सोडावी लागली. मुख्यमंत्री झाल्यावर त्यांनी गावोगाव शाळा काढल्या आणि पोरं उपाशी राहून शिकणार नाहीत म्हणून १९५६मध्ये दुपारचं जेवण सुरू केलं. मला आक्का आठवली. शाळा सुटलेल्या माणसालाच शाळेची किंमत नेमकी माहीत असते.

कोविलपट्टीची शेंगदाण्याची चिक्की प्रसिद्ध. आपल्या चिक्कीपेक्षा गूळ काळसर आणि दाणा भरपूर. दोन किलो घेतली, यादीतल्या मुलींसाठी.

दिवस अकरावा, १३ जानेवारी. कोविलपट्टी ते कन्याकुमारी, १४० किमी

भोगी. पहाटे प्रत्येक गावात दारापुढे जुन्या टाकाऊ वस्तूंची होळी पेटलेली. घरी आज तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि भोगीची भाजी असणार. आम्ही तिरुनेलवेलीत ताम्रपर्णी ओलांडून इडलीवर दिवस काढला. वारा आता पाठीशी होता. नांगुनेरीच्या पुढे पवनचक्क्यांची रांगच्या रांग, डावी-उजवीकडे नजर पोचेल तिथवर.

दुपारी तीनला रस्ता संपला. समोर समुद्र. काकांनी सायकल भिंतीला टेकवली आणि खाली बसले. त्यांच्या डोळ्यांतून पाणी येत होतं, ते त्यांनी पुसलं नाही. समोर खडकावर विवेकानंद स्मारक. एकनाथ रानड्यांनी ते देशभरातल्या साध्या माणसांकडून एकेक रुपया गोळा करून उभं केलं, १९७०मध्ये पुरं झालं. मी पाकिटातली खंबाटकीची पन्नासची नोट काढून बघितली.

पण हिशेब अजून आठ किलोमीटरनं कमी होता. वट्टकोट्टै किल्ल्याकडे किनाऱ्यानं रस्ता जातो, त्यावर पाचही जण मोजून आठ किलोमीटर चालवून आलो. १,५३० किलोमीटर. एकसष्ट सायकली.

आक्काला फोन लावला.

"एकसष्ट."

"यादी अठ्ठावन्नची न्हवं?"

"हो, तीन जास्त झाल्या. राखीव ठेवू."

"राखीव कशाला?" आक्काचा आवाज चढला. "यादीत शाळेत येत्यात त्यांचीच नावं असणार. ज्या घरी बसल्यात त्यांची कोण लिहील? वरच्या वस्तीवरच्या दोघी गेल्या साली सातवी करून बसल्यात. अजून एक हाय खाली मळ्यात. म्या उद्या जाऊन त्यांच्या आयांशी बोलते."

मला पटकन काही बोलता आलं नाही.

"ऐकतीस का? अन् मागं कॅरियर असलेली घे. त्या दोघींतल्या धाकटीला बसता येईल."